कॅसिओची तब्येत

आपल्याकडे ऑर्केस्ट्रात, भजनी मंडळात, उरुसातल्या कव्वालीत किंवा गणपतीपुढच्या बेंजो पार्टीत जो इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजतो, त्याला सगळे ‘कॅसिओ’च म्हणतात. मग तो यामाहाचा असो, रोलँडचा असो की कॉर्गचा. वनस्पती तुपाला डालडा म्हणावं, तसं. कॅसिओ कंपनीनं तिचा पहिला कीबोर्ड १९८० साली बाजारात आणला. त्यानंतर आखातात नोकरीला गेलेली आमच्याकडची मुलं सुटीवर येताना टेपरेकॉर्डरबरोबर हेही खोकं आणू लागली. हार्मोनियमला आकाशवाणीनं १९४० साली दार बंद केलं होतं आणि ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडावं लागलं. कीबोर्डला कुणी अडवलं नाही. तो आला आणि बसला.

मी वाजवणारा नव्हे. माझ्या गझला गाणाऱ्या मित्रांबरोबर गावोगाव फिरतो, व्यासपीठाच्या कडेला बसतो आणि पाहतो. पूर्वी ऑर्केस्ट्रात दहा-बारा वादक असत. अ‍ॅकॉर्डियनचा बिघडलं तर बासरीवाला वेळ मारून नेई. आता व्हायोलिनचा ताफा, बासरी, सनई, बेस, कधी कधी ढोलकसुद्धा एकाच खोक्यात असते. ते खोकं बंद पडलं की अर्धा ऑर्केस्ट्रा एका क्षणात मुका होतो. ठरलेल्या सुपारीतून पैसे कापले जातात, आणि पुढच्या वर्षी त्या गावची सुपारी दुसऱ्याला जाते. लगीनसराई, जत्रा, गणपती, नवरात्र एवढ्याच दिवसांवर ज्याचं वर्ष चालतं, त्याच्यासाठी हा घरच्या चुलीचा प्रश्न आहे.

दुरुस्ती करणाऱ्यांच्या टेबलाशी बसून एक गोष्ट कळली. कीबोर्डचा मेंदू, म्हणजे आतल्या चिपा, सहसा मरत नाहीत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे कीबोर्ड आजही वाजतात. मरतात ती त्याची दारं-खिडक्या. जिथून वीज आत येते, जिथून आवाज बाहेर जातो, जिथे बोट टेकतं, जिथून धूळ शिरते. या सगळ्या जागा वादकाच्या हाताखालच्या आहेत.

सुरुवात विजेपासून करू. मांडवात येणारी वीज बहुतेक वेळा तीन फेजांची असते. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट. घाईत जोडलेली न्यूट्रलची तार सैल झाली की हा दाब यंत्रांमध्ये कसाही वाटला जातो. ज्या फेजवर भार कमी, तिथे तो चढतो. हॅलोजनच्या माळा एका फेजवर आणि बिचारा कीबोर्ड दुसऱ्या फेजवर असेल, तर बळी कुणाचा जाणार हे सांगायला नको. याची खूण सोपी आहे. मांडवातले काही दिवे अचानक प्रखर आणि काही मंद झाले, तर गाणं अर्ध्यावर सोडून आधी प्लग काढावा. लोक दोन मिनिटं ओरडतील, ओरडू द्यावं.

दुसरा धोका जनरेटरचा. वीज जाते, जनरेटर सुरू होतो, पुन्हा वीज येते. प्रत्येक बदलात दाबाचा एक झटका येतो. त्या वेळी कीबोर्ड बंद असलेला बरा. त्याहून बरं म्हणजे घरच्या कॉम्प्युटरला लावतात तसा छोटा यूपीएस जवळ बाळगणं. कीबोर्ड फार वीज खात नाही. मधल्या आकाराचा कीबोर्ड दहा-वीस वॉटमध्ये भागवतो. यूपीएसमुळे वीज गेली तरी सूर तुटत नाही, आणि दाब चढलाच तर आधी बहुधा यूपीएस जातो, कीबोर्ड वाचतो.

आणि अर्थिंग. माईकला ओठ लागताच झिणझिणी येते म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थची जाड पिन तोडून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. गुणगुण थांबते म्हणूनही तोडतात. हा जिवाशी खेळ आहे, दुसरा शब्द नाही. गायकाचा माईक एका बोर्डावर, कीबोर्ड लांबच्या दुसऱ्या बोर्डावर असला की गुणगुण येतेच. सगळी वाद्यं आणि मिक्सर नीट अर्थ असलेल्या एकाच बोर्डावरून घेतले, तर ती बरीचशी जाते. तरी उरली तर साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स नावाची छोटी डबी मागावी. पिनेला हात लावू नये.

आता अ‍ॅडाप्टर. एकदा एका मित्राचा बंद पडलेला कीबोर्ड घेऊन मी दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानातल्या पोरानं झाकण उघडलं नाही, स्क्रू-ड्रायव्हरही उचलला नाही. एवढंच विचारलं, “चाचा, अ‍ॅडाप्टर सोबत आणलाय का?” आणला होता. त्यानं मीटर लावला. आत वायर तुटलेली होती. त्याच्याकडे येणाऱ्या ‘मेलेल्या’ कीबोर्डांपैकी पुष्कळांचा आजार असा बाहेरच असतो, असं तो म्हणाला.

पण म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून कुठलाही अ‍ॅडाप्टर उचलून लावायचा नाही. कॅसिओच्या बऱ्याच जुन्या छोट्या मॉडेलांना ९ व्होल्ट लागतात आणि पिनेचा आतला भाग ऋण, बाहेरचा धन असतो. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांना १२ व्होल्ट लागतात आणि तिथे आतला भाग धन असतो. म्हणजे बरोबर उलटं. दोन्ही पिना दिसायला भावंडं. वादक एकमेकांचे अ‍ॅडाप्टर मागून घेतात आणि तिथेच घात होतो. कीबोर्डच्या मागे, सॉकेटजवळ, गोल आणि ठिपक्याची एक आकृती छापलेली असते. ती आणि अ‍ॅडाप्टरवरची आकृती जुळली पाहिजे. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. अमेरिकेतल्या नातेवाइकानं पाठवलेला कीबोर्ड असेल, तर त्याचा अ‍ॅडाप्टर फक्त १२० व्होल्टचा आहे का, हे आधी वाचावं. नव्या अ‍ॅडाप्टरांवर बहुधा १०० ते २४० लिहिलेलं असतं, ते चालतात. दुबईहून आलेल्याला ही अडचण नाही, तिथला दाब आपल्यासारखाच. फक्त प्लगच्या पिना चौकोनी.

अ‍ॅडाप्टर शाबूत असला तर पुढचा संशय सॉकेटवर. ते आतल्या पट्टीवर तीन-चार डागांनी चिकटवलेलं असतं. अंधारात कुणाचा तरी पाय वायरला अडकतो, हिसका बसतो आणि डागाला केसाएवढी चीर जाते. मग वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच कीबोर्ड चालू राहतो. वादक आगपेटी खाली ठेवून, चिकटपट्टी लावून तो कोन सांभाळतात. हे दुखणं अंगावर काढू नये. नवे डाग द्यायला फार खर्च येत नाही, तालुक्याच्या गावातला मोबाइल दुरुस्त करणारा कारागीरही ते करू शकतो. अंगावर काढलं तर ठिणग्या उडून पट्टीवरचं तांबं जळतं आणि मग काम वाढतं. उपाय फुकटचा आहे. वायरीचा एक वेढा स्टँडच्या नळीला द्यायचा आणि मगच पिन खोचायची. हिसका बसला तर स्टँडला बसेल. आवाजाच्या जॅकलाही हेच लागू.

बटणाची एक शिस्त आहे. आधी कीबोर्ड चालू, मग अँप्लिफायर. बंद करताना आधी अँप्लिफायर, मग कीबोर्ड. उलट केलं तर ‘धप्’ असा आवाज होतो आणि तो स्पीकरच्या पडद्याला सोसावा लागतो. पायाचं पेडलही कीबोर्ड चालू करण्याआधी लावावं, आणि चालू करताना त्यावर पाय नसावा. बरेच कीबोर्ड सुरू होताना पेडल कसं आहे ते तपासतात. त्या क्षणी पाय पडला तर रात्रभर पेडल उलटं चालतं, दाबलं की सूर तुटतो आणि सोडलं की लांबतो. पेडल बिघडलं म्हणून लोक नवं आणतात, खरं तर यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की पुरतं.

आता पट्ट्या. इथे थोडं आत डोकावायला हवं, कारण सर्वांत चमत्कारिक तक्रार इथलीच असते. ‘सगळं ठीक आहे, फक्त एक गंधार मध्येच किंचाळतो.’ हळू दाबा, जोरात दाबा, तो किंचाळणारच. प्रत्येक पट्टीखाली रबराची छोटी घुमटी असते आणि तिच्यात काळ्या कार्बनचे दोन ठिपके, एक आधी टेकणारा, एक नंतर. ६१ पट्ट्यांचे १२२ ठिपके. बोट किती जोरात पडलं हे यंत्राला वजनावरून कळत नाही. पहिला ठिपका टेकल्यापासून दुसरा टेकेपर्यंत किती वेळ गेला, एवढंच ते मोजतं. वेळ कमी म्हणजे प्रहार जोराचा. धूळ किंवा ओल बसून एक ठिपका नीट टेकेनासा झाला, की हा हिशेब चुकतो. मग यंत्र एक तर गप्प बसतं, नाही तर कमाल जोर समजून ओरडतं. सूर बिघडलेला नसतो, मोजमाप बिघडलेलं असतं.

यासाठी कीबोर्ड उघडावा लागतो. हात बसलेला नसेल तर कारागिराकडे द्यावा. रबराच्या पट्ट्या कोमट साबणपाण्यानं धुऊन पूर्ण वाळवतात आणि खालची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हलकेच पुसतात. पेट्रोल, थिनर किंवा कुलपात घालायचं तेल इथे चालत नाही, रबर फुगतं आणि कार्बन निघून जातो. ज्याला अ‍ॅडाप्टर नसून थेट भिंतीची वायर आत जाते, असा कीबोर्ड घरी उघडूच नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते.

१९९०च्या आसपासच्या काही महागड्या मॉडेलांत पट्ट्यांना वजन यावं म्हणून आत धातूचे तुकडे डिंकानं चिकटवलेले होते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं तो लाल डिंक पातळ होऊन खाली गळतो आणि सगळं चिकट करून टाकतो. जुना कीबोर्ड विकत घेताना प्रत्येक पट्टी एकेकदा अगदी हळू दाबून, वर परत येते का ते पाहावं.

गणपतीचा सण ऐन पावसाळ्यात येतो आणि वर गुलाल असतो. ओल आणि बारीक भुकटी ही जोडी कीबोर्डला सर्वांत वाईट. मिरवणुकीत चादर टाकून भागत नाही. पारदर्शक प्लास्टिक पट्ट्यांच्या मागे बटणांवर नीट बांधावं. गुलाल सांडलाच तर फुंकर मारू नये, तोंडाची वाफ लागून त्याचा चिखल होतो. कोरडा मऊ ब्रश घ्यावा. कोकणात खारी हवा तांब्याला हिरवा थर आणते, म्हणून तिथल्या वादकांनी पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि अधूनमधून बदलाव्यात. थंड एसी गाडीतून दमट मांडवात आणलेला कीबोर्ड लगेच चालू करू नये. चष्म्यावर वाफ धरते तशी ती आतही धरते. अर्धा तास थांबावं.

उन्हाचं म्हणाल, तर कपॅसिटरांच्या बाबतीत कारागिरांचा एक ठोकताळा आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. एप्रिलच्या दुपारी टेम्पोच्या टपावर बांधलेल्या कीबोर्डचं काय होत असेल, याचा हिशेब वादकांनी करावा. आणि कार्यक्रम नसलेल्या महिन्यांत खालचे सेल काढून ठेवावेत. ते पाझरले की स्प्रिंगा खातात, मग पट्टी खातात.

स्मरणशक्तीचा मुद्दा वेगळाच. जुन्या व्यावसायिक कीबोर्डांत तीन व्होल्टचा, नाण्याएवढा एक सेल असतो. वादकानं महिनोन्महिने बसून बनवलेले सूर त्याच्या जिवावर टिकतात. हा सेल पाच-दहा वर्षं चालतो आणि मग एका सकाळी सगळं कोरं. म्हणून सेल बदलण्याआधी ते सूर कॉम्प्युटरवर उतरवून ठेवावेत, मिडीच्या वायरीनं ते जमतं. फ्लॉपीवर ठेवलेलं असेल तर ते आजच हलवावं. फ्लॉपीला बुरशी येते, आणि आता नवी फ्लॉपी शोधायची म्हणजे हिंडणं आलं. फ्लॉपीच्या खाचेत बसणारी आणि पेनड्राइव्ह घेणारी डबी मिळते. अनेकांनी ती बसवून जुने कीबोर्ड चालते ठेवले आहेत. नव्या कीबोर्डांत सेलची गरज उरलेली नाही, पण सुरांची एक प्रत बाहेर असावीच.

मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे तंबोऱ्याच्या जव्हारीला पिढ्यान्‌पिढ्यांचा हात मिळतो. कीबोर्डला तसा हात अजून मिळायचा आहे. कंपन्यांची सेवा केंद्रं मोठ्या शहरांत, आणि सुपारी असते तासगाव-जतच्या पलीकडे. म्हणून वादकानं बरोबर एक पिशवी ठेवावी. तिच्यात दुसरा अ‍ॅडाप्टर, दोन जादा वायरी, ब्रश, टॉर्च, शंभर-दोनशे रुपयांचा मीटर. जमलं तर टेम्पोत एक जुना, लहान, सेलवर चालणारा कीबोर्डही टाकावा. त्याचा आवाज पातळ असतो हे खरं. पण वीज गेलेल्या मांडवात तोच वाजतो.