लाल चेंडू निळा कसा झाला?
संगणकाच्या पडद्यावरील ठिपक्याचा रंग कधीकधी १६ बिटांत साठवतात: लाल ५, हिरवा ६, निळा ५. शुद्ध लाल म्हणजे ६३४८८ ही संख्या. तिचे दोन बाइट २४८ आणि ०. इंटेलचा ८०८६ कमी किमतीचा बाइट आधी ठेवतो, मोटोरोलाचा ६८००० जास्त किमतीचा. एकाने लिहिलेले बाइट दुसऱ्याने आपल्या क्रमाने वाचले, तर संख्या होते २४८. करून पाहा: लाल ०, हिरवा ६३पैकी ७, निळा ३१पैकी २४!

यात सी भाषेचा दोष नाही. हा क्रम ती यंत्रावरच सोडते. म्हणून जाणता ड्रायव्हर-लेखक संख्येला २५६ने भागतो आणि भागाकार व बाकी ग्राफिक्स कार्डाला हव्या त्या क्रमाने एकेक बाइट करून लिहितो. भागाकार कोणत्याही यंत्रावर २४८च येतो.