उद्यमबागेतील बाग आणि पाण्याचा हिशेब



'उद्यमबाग' या नावातच बाग आहे; परंतु बेळगावहून खानापूर रस्त्याने तिकडे गेल्यास प्रथम दृष्टीस पडतात त्या फाउंड्र्या आणि यंत्रशाळा. अशा ठिकाणी घरापुढे, शाळेच्या आवारात किंवा कारखान्याच्या फाटकाशी चार झाडे असावीत, असे कोणास वाटणार नाही? मात्र झाड लावण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारला पाहिजे : वैशाखात त्याला पाणी घालावयाचे ते कोणाच्या वाट्याचे?

बेळगावात वर्षाकाठी सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेस अथणीकडे तो निम्म्यावर येतो. बेळगावचा पाऊस काही थोडा नव्हे. पण त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत कोसळून जातो आणि उरलेले आठ महिने साठवणीवर काढावे लागतात. २०१९ सालच्या उन्हाळ्यात चिकोडी-अथणी भागात कृष्णेचे पात्र कोरडे पडले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिच्याच पुराने काठची गावे वेढली!

आता थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवळीतून रोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते. म्हणजे १० मीटर लांब व तितक्याच रुंद हिरवळीस रोज ५०० लिटर पाणी हवे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यांसाठी दरडोई रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. त्या मापाने नऊ माणसांचे पाणी ही हिरवळ एका दिवसात पिऊन टाकते.

मग बागेची हौस सोडावी काय? मुळीच नाही. आपल्या रानातील झाडे आठ महिन्यांची तहान सोसण्यास केव्हाच शिकली आहेत. पळस आणि बहावा उन्हाळ्याच्या सुमारास पाने गाळून खर्च कमी करतात आणि तशातच फुलांनी बहरतात. निरगुडीच्या पानाची खालची बाजू पाहा. तिच्यावरील बारीक पांढुरकी लव बाष्पीभवनास आवर घालते. पिवळ्या फुलांचा तरवड माळावरही तग धरतो. दसऱ्याचा आपटा, सावलीचा करंज, कुंपणास कोरांटी व अडुळसा, एवढ्यांनीही अंगण शोभिवंत होते.

लागवड मृगाच्या सरींबरोबर करावी. उद्यमबागेच्या बाजूची तांबडी मुरमाड जमीन पाणी लवकर सोडते, म्हणून खड्ड्यात कुजलेले शेणखत घालावे. निपाणीकडील काळी जमीन पाणी धरते, पण उन्हाळ्यात भेगाळते. तेथे बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर विशेष उपयोगी पडतो. छपराचे पाणी गटारात न सोडता आळ्यांकडे वळवावे. गुलाब-मोगऱ्यासारखी तहानलेली झाडे न्हाणीजवळ एकत्र लावावी. आणि हे विसरू नये, की देशी रोपासही पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावेच लागते. मुळे खोल गेल्यावरच ते स्वावलंबी होते.

अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा खात्याने १९८१ साली अशा बागकामास 'झेरिस्केप' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'झेरॉस' म्हणजे कोरडे. तथापि, केवळ पाणी लागत नाही म्हणून कोणतेही झाड आणणे शहाणपणाचे नव्हे. कुंपणाची शोभा म्हणून परदेशाहून आलेली घाणेरी पाण्यावाचून जगली खरी, पण पुढे रानेच्या राने व्यापून बसली. तिचे उदाहरण ध्यानात ठेवावे.

बेळगावचे जुने नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूंचे गाव. ज्या गावाने आपल्या मातीतील वनस्पतीवरून स्वतःचे नाव घेतले, त्या गावच्या मुलांना देशी झाडांची ओळख नसावी, हे बरे नव्हे. येत्या मृगात प्रत्येकाने एक रोप लावावे आणि दोन उन्हाळे ते सांभाळावे. तिसऱ्या उन्हाळ्यात ते आपल्याकडे फारसे काही मागणार नाही. उलट वाटसरूस सावली देईल.