आरमारी दंतवैद्य

दाढदुखी हा तसा घरगुती विषय. लवंगेचें तेल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि वडील माणसांचा उपदेश एवढ्यावर घरीं एखादी रात्र निभावतां येते. सकाळीं दंतवैद्याचें दार गांठलें कीं झालें. परंतु चहूंकडे पाणी आणि बंदर आठ दिवसांच्या वाटेवर असतां ज्याची दाढ ठणकूं लागते, त्या खलाशानें काय करावें? अन्न नाहीं, झोंप नाहीं, असा गोलंदाज तोफेपाशीं असून नसल्यासारखाच. पाणबुड्याची अवस्था तर याहून बिकट. पाण्याखालीं दाब बदलला कीं किडलेल्या दांतांत असह्य कळ उठूं शकते. आरमारास दंतवैद्य कां लागतो, हें एवढ्यावरून वाचकांच्या ध्यानीं येईल.

तथापि तें राज्यकर्त्यांच्या ध्यानीं येण्यास बराच काळ लागला. अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जगांतील पहिलें दंतवैद्यक महाविद्यालय १८४० सालीं निघालें. पण त्या देशाच्या आरमारांत दंतवैद्यांचें दल स्थापन होण्यास १९१२ साल उजाडावें लागलें, आणि त्या वेळीं कायद्यानें मंजूर केलेल्या जागा फार तर ३० होत्या. या लहानशा दलांत १९१५ सालीं अलेक्झांडर गॉर्डन लाइल हा तरुण दाखल झाला. तो त्याच बाल्टिमोरच्या महाविद्यालयाचा पदवीधर होता.

अमेरिकेच्या मरीन दलास स्वतःचे वैद्य नसतात. तें दल जेथें लढेल तेथें आरमाराचे डॉक्टर आणि दंतवैद्य त्याच्याबरोबर जातात. त्यामुळें पहिल्या महायुद्धांत लाइल जहाजावर नसून फ्रान्समधील आघाडीवर, पांचव्या मरीन रेजिमेंटबरोबर होता. २३ एप्रिल १९१८ रोजीं तोफांचा भडिमार चालू असतां टॉमस रेगन नांवाचा कॉर्पोरल जबर जखमी झाला. लाइल धांवत त्याच्यापाशीं गेला आणि गोळे पडत असतांच त्यानें असे कुशल उपचार केले कीं, रेगनचे प्राण वाचले.

पुढें दीड महिन्याच्या आंतच, ६ जून रोजीं, बेलो वनाच्या दक्षिणेस बूरेश गांवावर मरीन सैनिकांनीं चाल केली. सहाव्या रेजिमेंटचा दंतवैद्य वीडन ऑस्बोर्न, वय अवघें २५, त्या धुमश्चक्रींत जखमींना उचलून आणीत होता. कॅप्टन डोनाल्ड डंकन या घायाळ अधिकाऱ्यास सुरक्षित जागीं नेत असतां तो स्वतः ठार झाला. दोघांसहि 'मेडल ऑफ ऑनर' हें अमेरिकेचें सर्वश्रेष्ठ वीरपदक मिळालें. ऑस्बोर्नला अर्थात् मरणोत्तर. पुढें एका विनाशिकेस त्याचें नांव देण्यांत आलें.

लाइल मात्र पदकानंतरहि आपल्या दंतवैद्यकदलांतच राहिला. १९४३ सालीं तो रिअर ॲडमिरल झाला. अमेरिकेच्या कोणत्याहि सेनादलांत या दर्जास पोंचलेला तो पहिला दंतवैद्य. पुढें व्हाइस ॲडमिरल म्हणून निवृत्त होऊन १९५५ सालीं तो वारला.

आपल्याकडे आजहि एम्. बी. बी. एस्. ला प्रवेश न मिळाल्यास 'निदान' बी. डी. एस्. तरी, असें घराघरांतून म्हटलें जातें, आणि मुलगाहि तें 'निदान' मनांत धरूनच अभ्यासाला लागतो. आम्हांस या 'निदान' शब्दाचें वाईट वाटतें. रेगनच्या जखमांवर जे हात चालले, त्यांस दांताची बारीक शीर सांभाळण्याची संवय होती. तीच संवय त्या दिवशीं उपयोगी पडली असेल. चिरंजीवाच्या पुढील मार्गाचा विचार करावयास घरांतील मंडळी बसतील, तेव्हां लाइल आणि ऑस्बोर्न यांचीं नांवें त्यांनीं अवश्य आठवावींत, एवढीच आमची विनंती आहे.