मुखकर्करोगाची चाहूल प्रथिनांतून

तंबाखू व सुपारीच्या सेवनाने तोंडात पांढरा चट्टा उमटू शकतो. मात्र प्रत्येक चट्ट्याचे रूपांतर कर्करोगात होत नाही. धोकादायक चट्टा कोणता, हे नुसत्या नजरेने ओळखणे कठीण असते. उरणप्रमाणेच रायगड जिल्ह्यात असलेल्या खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरच्या 'अॅक्ट्रेक' संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यासाठी प्रथिनांचा अभ्यास केला आहे. गालाच्या निरोगी अस्तरात सहसा न आढळणारी केराटिन ८ व १८ ही प्रथिने कर्करोगाच्या पेशींत दिसू लागतात. अशा खुणांची खात्री मोठ्या रुग्णसंख्येवर पटावी लागते. निश्चित निदान आजही बायॉप्सीनेच होते. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा चट्टा दिसल्यास उरणकरांनी विनाविलंब तपासणी करून घ्यावी.