किराळ किती चाऱ्याने लागते?

ज्वारी कापल्यावर फुटलेले कोवळे पोंगे खाऊन जनावर धापा टाकत कोसळते, यालाच किराळ लागणे म्हणतात; वाळलेला कडबा मात्र ते सुखाने खाते. कोवळ्या पोंग्यांत सायनाइड तयार करणारे द्रव्य जास्त असते.

चहाची गोडी साखरेच्या चमच्यांवर आणि पातेल्याच्या आकारावर ठरते, तसेच विषाचे. पोंग्यांत सायनाइड 200 पीपीएम, म्हणजे दर किलो चाऱ्यात 200 मिलिग्रॅम आहे असे धरू. जनावराच्या किलोभर वजनामागे साधारण 2 मिलिग्रॅम जीवघेणे ठरते. 300 किलोच्या गाईला 600 मिलिग्रॅम, म्हणजे 3 किलो पोंगे. 30 किलोच्या शेळीला अवघे 300 ग्रॅम!

म्हणून पोंगे फुटलेल्या रानात जनावरे सोडू नका. धाप, थरथर दिसताच पशुवैद्यकांना तातडीने बोलवा.