अक्षर आणि अक्षराचे चित्र

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे येणारी गाडी लासूर स्टेशनात थांबते, तेव्हा नवख्या माणसाचेही अडत नाही. फलाटाच्या टोकाला पिवळ्या पाटीवर काळ्या ठसठशीत अक्षरांत गावाचे नाव असते. ज्याला ऐकू येत नाही तो ती पाटी पाहतो. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी गाडीची पुकार असते, नाहीतर शेजारचा उतारू असतो. एकच गोष्ट डोळ्यांनाही सांगायची आणि कानांनाही सांगायची, ही रीत आपल्याला स्टेशनावर चांगली ठाऊक आहे. आज मी बोलणार आहे ते शाळेच्या वेबसाइटबद्दल. तिथे ही रीत आपण विसरतो.

अलीकडे पुष्कळ शिक्षक आपल्या वर्गासाठी वेबसाइटवर एखादे पान तयार करतात. गृहपाठ, वेळापत्रक, सूचना, धड्यांच्या फिती सारे त्यावर ठेवतात. काम चांगलेच आहे. पण वर्गात आणि त्या पानात एक फरक आहे. वर्गात एखाद्या मुलाला फळा दिसत नसेल, तर गुरुजींच्या ते लक्षात येते. ते त्याला पुढच्या बाकावर बसवतात. पानावर मूल दिसत नाही. पान उघडून, काही न कळून, एखादे मूल परत गेले, तर ते गेल्याचेही आपल्याला समजत नाही.

समजा, लासूरजवळच्या एखाद्या वस्तीवर सातवीतली एक मुलगी आहे. तिला डोळ्यांनी दिसत नाही. पण ती घरच्या फोनवर अभ्यास करते. कसा? फोनमध्ये पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय असते. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ ही अशीच सोय आहे. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ फुकट मिळतो. बोट सरकवत जावे तसा फोन एकेक ओळ बोलत जातो, मराठीतूनसुद्धा.

आता बाईंनी दहा प्रश्न सुंदर अक्षरात वहीवर लिहिले, फोटो काढला आणि पानावर ठेवला. आपल्याला ते प्रश्न दिसतात. त्या मुलीचा फोन मात्र एवढेच बोलतो : ‘चित्र’. दहाही प्रश्न तिथे आहेत, आणि तिच्यापुरता एकही नाही. दुसऱ्या दिवशी ती गृहपाठ न करता येते, आणि आपण तिला आळशी ठरवून मोकळे होतो. अलीकडचे काही फोन चित्रातली अक्षरे ओळखू पाहतात. पण हाताने लिहिलेले मराठी, त्यातली जोडाक्षरे आणि वेलांट्या यांत ते अडखळतात. त्या भरवशावर गृहपाठ देता येत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की अक्षर वेगळे आणि अक्षराचे चित्र वेगळे. पुस्तकाचे पान स्कॅन करून केलेली पीडीएफ हेही चित्रच असते. मजकूर टाइप करून ठेवावा. टाइप करावयास वेळ नसेल, तर फोनपुढे बोलावे. फोन मराठीत लिहून घेतो. मग चुका तेवढ्या दुरुस्त कराव्यात.

दुसरी अडचण खास आपल्या भाषेची आहे. टायपिंगच्या दुकानातून आलेली प्रश्नपत्रिका पुष्कळदा जुन्या फाँटमध्ये असते. त्यात संगणकाच्या पोटात नोंद असते रोमन अक्षराची, आणि वर मुखवटा असतो ‘क’चा किंवा ‘म’चा. डोळ्यांना मराठी दिसते. स्क्रीन रीडर पोटातली नोंद वाचतो आणि अर्थहीन काहीतरी बडबडतो. आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांना मनमाडची गोष्ट आठवत असेल. आपल्याकडून जाणारा रूळ मीटर गेजचा आणि मनमाडहून मुंबईकडे जाणारा ब्रॉडगेजचा. म्हणून मनमाडला माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. १९९०च्या दशकात आपल्याकडचा मार्गही रुंद झाला आणि ती यातायात संपली. अक्षरांच्या बाबतीत सर्व जगाने एकाच मापाचा रूळ ठरवला, त्याचे नाव युनिकोड. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून देवनागरी तीत आहे. मराठी युनिकोडमध्येच टाइप करून घ्यावे. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनेही मिळतात.

पण खरोखरची चित्रे असतात, त्यांचे काय? चित्र टाकताना त्याचे वर्णन लिहिण्याची जागा बहुतेक ठिकाणी दिलेली असते. तिथे नुसते ‘नकाशा’ असे लिहू नये. असे लिहावे : ‘छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा नकाशा. गोदावरी जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पूर्वेकडे वाहते. पैठणजवळ तिच्यावर जायकवाडीचे धरण आहे.’ आंधळ्या मुलाजवळ बसून आपण चित्र समजावून सांगू, तेच दोन वाक्यांत लिहावयाचे. तसेच, जिथे बोट ठेवले की दुसरे पान उघडते, तिथे ‘येथे दाबा’ असे लिहू नये. ‘सातवीचा गणिताचा गृहपाठ’ असे लिहावे. पानावर चार वेळा ‘येथे दाबा’ ऐकून मुलाने कोणते दाबावे?

आता इतर मुलांकडे वळू. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी धड्याच्या फितीखाली बोललेले शब्द अक्षरांत यावेत. यंत्र ती अक्षरे आपोआप काढून देते, पण ती तपासल्यावाचून ठेवू नयेत. यंत्राने ‘पाणी’चे ‘राणी’ केले, तर मूल तेच शिकेल. फीत काढताना फळ्याकडे तोंड करून बोलू नये. पुष्कळ मुले ओठांवरून बोलणे ओळखतात.

ज्याला अंधुक दिसते, त्याच्यासाठी स्टेशनच्या पाटीची आठवण ठेवावी : फिक्या पार्श्वभूमीवर गडद अक्षर. करड्यावर पांढरे किंवा गुलाबीवर पिवळे नको. अक्षर दुप्पट मोठे केले तरी ओळ पडद्याबाहेर जाता कामा नये. ‘लाल रंगातली उत्तरे चुकीची’ असे सांगू नये, कारण काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लाल आणि हिरवा यांत फरक कळत नाही. रंगाबरोबर ‘चूक’ हा शब्दही लिहावा. ज्याचे हात थरथरतात, त्याला बारीक बटण दाबता येत नाही आणि दहा मिनिटांत संपणारी चाचणी सोडवता येत नाही. बटण मोठे ठेवावे, वेळ वाढवून द्यावा. ज्याला वाचन जड जाते, त्याच्यासाठी वाक्ये लहान आणि मथळे स्पष्ट असावेत.

ही दयेची गोष्ट नव्हे, हक्काची आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. त्यात एकवीस प्रकार आहेत, आणि वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमताही त्यांत आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

कुणी म्हणेल, ‘आमच्या वर्गात असे मूलच नाही.’ आज नसेल. येत्या जूनमध्ये येईल. शिवाय ज्याची नजर कमी आहे अशा मुलाचे घरच्यांनाही वर्षानुवर्षे कळत नाही. आणि एक विचार करा : जिला वाचता येत नाही अशी आई शाळेची सूचना फोनकडून ऐकू शकते, पण ती सूचना अक्षरांत असेल तरच. फोटोतली सूचना तिलाही मुकीच असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आज एक प्रयोग करून पाहा. फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक बंद कसा करायचा ते आधी नीट पाहून ठेवा, मग तो सुरू करा. डोळे मिटा आणि आपल्याच पानावर उद्याचा गृहपाठ शोधा. पाच मिनिटांत सापडला, तर उत्तम. नाही सापडला, तर जिथे अडलात तिथे दुरुस्ती हवी. आणि वर्गात असे मूल असेल, तर त्यालाच विचारा, ‘बाळ, कुठे अडतंय?’ ते नेमके सांगेल.

सगळे पान एका दिवसात सुधारणार नाही. उद्याचा गृहपाठ तेवढा फोटोऐवजी अक्षरांत टाका. वस्तीवरची ती मुलगी तो रात्री ऐकेल आणि सकाळी सोडवून आणील.