इकडील सर्व क्षेम

मराठीच्या प्राध्यापकाने व्हॉट्सॲपला नावे ठेवावीत, हा आमच्या पेशाचा शिरस्ताच झाला आहे. मीही तो बरीच वर्षे इमानाने पाळला. सकाळी उठावे तो फुलापानांची सुप्रभाते दारात उभी. त्यांतले ऱ्हस्व-दीर्घ पाहून चहा कडू व्हावा! 'पत्रलेखनाची कला मेली हो,' असे मी वर्गात इतक्यांदा म्हणालो आहे, की मुलांना ते पाठ झाले असेल.

या कलेची माझी स्वतःची कामगिरी काय होती, हे मात्र मी कधी आठवून पाहिले नव्हते.

आमचे गाव मालवणजवळचे. वडील मुंबईत चाकरीला. चाकरमानी घरी यायचा तो गणपतीला आणि मे महिन्यात. एरवी सारा भरवसा पोस्टावर. तिकडून मनिऑर्डर येई, इकडून १५ पैशांचे कार्ड जाई. आईला अक्षरओळख नव्हती. तेव्हा १९९० च्या सुमारास, वयाच्या दहाव्या वर्षी, मी घरचा चिटणीस झालो. आई चुलीपुढे बसून सांगे, मी उंबऱ्यावर बसून लिहीत असे. ती सांगे मालवणीत. मी लिही गुरुजींनी शिकवलेल्या मराठीत. 'तेंका सांग, माका राती झोप येणा नाय,' ती म्हणे. मी लिही, 'इकडील सर्व क्षेम आहे.' पत्रात काय लिहावयाचे असते, हे तिच्यापेक्षा मला अधिक कळत होते ना! शिवाय कार्ड उघडे. वाटेत कोणीही वाचणार.

पुढे २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा मी हळहळलो. त्याच वर्षी ऑगस्टात व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप धाडण्याची सोय आली, तिची मी दखलही घेतली नाही. ती घेतली आईने. डोंबिवलीला दिलेल्या माझ्या बहिणीने एका सुट्टीत तिला शिकवले: बटण दाबून धर, बोल, सोड. एवढेच. चिटणिसाची गरज नाही.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले. वीज गेली, फोन मुके झाले. करोनाचे दिवस, बहिणीला निघून येण्याचीही सोय नव्हती. चार दिवसांनी फोनमध्ये जीव आला आणि तिचे सतरा निरोप एकदम येऊन पडले. आईने ते एकेक करून ऐकले, पदराने डोळे टिपले आणि बटण दाबून धरले.

'गो, तुज्या बापाशीन लावलेलो माड पडलो. घर बरा आसा. पण माका राती झोप येणा नाय.'

मी शेजारीच बसलो होतो. तीस वर्षांपूर्वी मी वगळलेले वाक्य जसेच्या तसे डोंबिवलीला पोचले. दुसऱ्याच क्षणी उत्तर आले, 'आये, झोप कित्याक येणा नाय?' हा प्रश्न आईला आजवर कोणी विचारलाच नव्हता. कोण विचारणार? कोणाला ठाऊकच नव्हते!

वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत ती सारी कार्डे सापडली होती. सुतळीने बांधून, तारखेवार लावून ठेवलेली. त्या रात्री मी ती पुन्हा काढली. अक्षर वळणदार, शुद्धलेखन निर्दोष. आणि प्रत्येकात इकडील सर्व क्षेम. त्या गठ्ठ्यात आईचा शब्द मला एकही सापडला नाही.

व्हॉट्सॲप म्हणजे काही गंगाजळ नव्हे. अफवाही त्याच वाटेने येतात, आणि फुलापानांची सुप्रभाते अजून थांबलेली नाहीत. पण परगावी व्याख्यानाला गेलो, की रात्री मीही आता ते बटण दाबून धरतो आणि मालवणीत विचारतो, 'आये, झोप येता मा?'

उत्तर येते. कधी कधी ते 'नाय' असेच असते.